बिळांची घरयादी

नाना शिरगणतीच्या कामाला जाऊ लागले की आमच्या घरातही शिरगणती सुरू व्हायची. जेवायला बसताना ते ताटांवरून नजर फिरवून "उपस्थित तीन" म्हणायचे. घरात आम्ही होतोच तीन, नाना, आई आणि मी, आणि अनुपस्थित राहायला कुणाला कुठे जागाही नव्हती. नाना धुळ्याच्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. त्यांच्या शाळेतले बाकीचे शिक्षक या कामाचा हुकूम आला की डॉक्टरकडे धावत. कुणाची कंबर धरायची, कुणाला अचानक साखर निघायची. नाना मात्र इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला दोन पेनं लावून, लग्नाला निघाल्यासारखे निघायचे. प्रत्येक दारावर गेरूने नंबर टाकायचा, घरात कोण कोण आहे ते विचारायचं, रकाने भरायचे, आणि संध्याकाळी घरी येऊन ते सगळं पुन्हा तपासायचं, यात त्यांना जो आनंद व्हायचा तो मला पुढे फार थोड्या माणसांच्या चेहऱ्यावर दिसला. ज्याची नोंद झाली त्याला सरकारदरबारी कुणी नाही म्हणू शकत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. देवावर त्यांची इतकी नव्हती.

आई पारोळ्याकडच्या खेड्यातली. ती घरात अहिराणी बोलायची आणि नाना तिला पाठ्यपुस्तकातल्या मराठीत उत्तर द्यायचे. असा त्यांचा संसार दोन भाषांत चालला होता आणि दोघांनाही आपल्याला हवं तेवढं बरोबर समजत होतं. त्या उन्हाळ्यात मी बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत बसले होते. आई पहाटे जोंधळ्याचं पीठ शिजवायला घ्यायची. लाकडी दांड्याने ते घोटणं चालू असायचं, घरभर जिऱ्या-मिरचीचा वास सुटायचा आणि मग आम्ही दोघी गच्चीवर जुन्या धोतरांवर त्याचे पापड, म्हणजे बिबड्या, घालायचो. ओल्या बिबड्या खायच्या नाहीत असा आईचा नियम होता, आणि घालता घालता चारपाच ती स्वतः खायची. गच्चीवरून मागचा नाला दिसायचा.

नाला म्हणजे पांझरेला जाऊन मिळणारा एक ओहोळ. पावसाळ्यात त्याला नदी म्हटलं तर चालायचं, उन्हाळ्यात गटार म्हटलं तरी तो रागवायचा नाही. आमच्या कॉलनीचा नकाशा मंजूर झाला तेव्हा नाल्याकाठची सहा-सात एकर जागा त्यात हिरव्या रंगाने रंगवून 'राखीव' असं लिहिलं गेलं होतं. नकाशा रंगवणाऱ्याच्या मनात बगीचा असावा. प्रत्यक्षात तिथे बाभूळ, हिवर, बोरी, निवडुंग आणि रुईचं रान माजलं होतं. पहाटे तित्तर ओरडायचे, दुपारी होल्यांचं घुमणं चालायचं आणि संध्याकाळी टिटवीने एकदा सूर लावला की शेजारचे बँकेतले काका खिडकी लावून घ्यायचे. त्या काकांना पेन्शनीत निघाल्यावर शांत जागा हवी म्हणून त्यांनी इथे घर बांधलं होतं.

आमच्या सोसायटीच्या चेअरमनांना त्या जागेवर मंगल कार्यालय दिसत होतं. ते सज्जन होते, पण कुठलीही मोकळी जागा पाहिली की त्यांना तिथे मांडव दिसे. नानांनी त्याविरुद्ध अर्ज केला. राखीव जागा राखीवच राहावी, तिथे पशुपक्षी वास्तव्य करून आहेत, असं त्यांनी तीन पानांत लिहिलं. चार महिन्यांनी सरकारी कार्यालयाकडून दोन ओळींचं उत्तर आलं. सदर जागेत वन्यजीव आढळत असल्यास त्यांचे सर्वेक्षण करून माहिती सादर करावी, म्हणजे उचित निर्णय घेता येईल. आता या वयात मला कळतं की अर्जदाराला घरी पाठवण्याची ती एक सभ्य रीत असते. सर्वेक्षण करा म्हटलं की माणूस पुन्हा येत नाही. पण नानांना ते आमंत्रण वाटलं. ते पत्र त्यांनी आईला दोनदा वाचून दाखवलं.

"म्हंजे काय करनं शे?" आईने विचारलं.

"मोजणी. पद्धतशीर मोजणी. एकदा नोंद झाली की चेअरमनच काय, कलेक्टरसुद्धा हात लावू शकणार नाही."

"माणसं मोजीसन भागलं नही, आते उंदरं मोजनार," आई म्हणाली आणि बिबड्या उलटायला निघून गेली.

जनावरांची मोजणी कशी करतात हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. नानांना मोजणीची एकच पद्धत येत होती, आणि तिचा गेरू डबाभर शिल्लक होता. त्यांनी फुलस्केप कागदांवर रकाने आखले. बीळ क्रमांक. कुटुंबप्रमुख. एकूण सदस्य, पैकी प्रौढ, पैकी बालके. घराचा प्रकार, कच्चे की पक्के. 'जात' हा रकाना त्यांना जसाच्या तसा वापरता आला, याचं त्यांना फार समाधान वाटलं. 'शिक्षण' आणि 'व्यवसाय' हे दोन रकाने मी काढायला लावले, तेही बरीच हुज्जत घालून. व्यवसायाच्या जागी निदान शिकार किंवा वेचणी असं लिहिता येईल असं त्यांचं म्हणणं होतं.

मग रोज सकाळी आम्ही दोघं नाल्यावर. नाना पुढे, हातात काठी आणि नकाशाची गुंडाळी. मी मागे गेरूचा डबा आणि कुंचला घेऊन. बीळ सापडलं की त्याच्या तोंडाशी एक बरासा दगड रोवायचा आणि त्यावर ठसठशीत नंबर टाकायचा. माझं अक्षर चांगलं होतं, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं आणि मला त्याचा अभिमानही होता. बिळात कोण राहतं हे कळायला संध्याकाळी तोंडाशी बारीक माती चाळून पसरायची आणि सकाळी तिच्यावरचे ठसे पाहायचे. माती चाळायला नानांनी आईची पिठाची चाळणी नेली.

"मनी चायनी कोठे शे?" तिसऱ्या दिवशी आईने विचारलं.

"सर्वेक्षणात आहे," नाना म्हणाले.

दोन दिवस आम्हाला पिठलं आणि न चाळलेल्या पिठाच्या भाकरी मिळाल्या. चौथ्या दिवशी नाना बाजारातून नवी चाळणी घेऊन आले, तेव्हा कुठे घरात कळण्याची भाकरी आणि भरीत दिसलं.

अडचणी येत गेल्या तसे नाना नियम काढत गेले. बिळात कुणी नसेल तर तीन वेळा भेट द्यायची आणि मग 'घर बंद' लिहायचं. एकाच मुंगसाला दोन बिळं निघाली तेव्हा नाना बराच वेळ बांधावर बसून विचार करत राहिले. माणसांच्या गणनेत चूल एक असेल तर कुटुंब एक धरतात. मुंगसाची चूल कुठे शोधायची? शेवटी त्यांनी एक मुख्य घर आणि एक खळ्यातलं घर अशी नोंद केली. टिटवी उघड्यावर चार खड्यांत अंडी घालते. तिचं काय करायचं हा प्रश्न नव्हताच. तिच्यापुढे त्यांनी 'बेघर' लिहिलं आणि बेघरांची गणना नियमाप्रमाणे एकाच रात्री उरकली. घोरपड मात्र कधीच एका पत्त्यावर सापडली नाही. तिच्याबद्दल शेरा होता, 'वारंवार स्थलांतर, माहिती देण्यास टाळाटाळ'.

हसू येतं आता. पण त्या दोन महिन्यांत मी जेवढं पाहिलं तेवढं पुढे कॉलेजच्या तीन वर्षांत पाहिलं नाही. कॉलेजात आम्ही प्राणी बाटलीतच पाहिले.

सतरा नंबरचं बीळ नाल्याच्या वळणावर, एका हिवराच्या मुळाशी होतं. आम्ही पसरलेल्या मातीवर कुत्र्यासारखे पण लहान, नेटके ठसे उमटले होते. नानांनी पट्टीने मोजले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "खोकड." दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत आम्ही समोरच्या बांधावर पालथे पडून राहिलो. आधी मादी आली, राखाडी, शेपटीचं टोक काळं. तिने चारी दिशांना पाहिलं. मग बिळातून एक पिल्लू निघालं, मग दुसरं, आणि मग उरलेली दोन एकमेकांना तुडवत. नर लांबून तोंडात उंदीर धरून आला. पिल्लांनी तो उंदीर बापाच्या तोंडातून ओढून घेतला आणि आपसात मारामारी करत त्याचं काही उरवलं नाही. नानांनी माझा हात दाबला. पन्नाशीचा माणूस, शाळेत ज्याच्या नुसत्या खोकल्याने वर्ग गप्प व्हायचा, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "एकूण सहा," ते कुजबुजले. त्यानंतर आम्ही कितीतरी संध्याकाळी तिथे गेलो. नोंद तर पहिल्याच दिवशी झाली होती. नाना म्हणायचे, फेरतपासणी.

अहवाल तयार झाला. एकेचाळीस बिळं, सोबत मी काळ्या शाईत काढलेला नकाशा, प्रत्येक नंबर जागच्या जागी. एक प्रत कार्यालयाला, एक सोसायटीला. चेअरमनांनी ती वाचली आणि नानांना सर्वसाधारण सभेत अहवाल सादर करायची विनंती केली. नानांना वाटलं, चेअरमन विरघळले. त्यांनी भाषणाची तयारी केली.

सभा चेअरमनांच्या अंगणात भरली. शेवमुरमुऱ्यांच्या बशा फिरल्या. नानांनी अर्धा तास सुंदर भाषण केलं. आपण किती भाग्यवान, घराच्या भिंतीपासून दोनशे पावलांवर केवढी सृष्टी नांदते आहे, असं सांगून ते बसले. टाळ्या पडल्या. मग बँकेतल्या काकांनी हात वर केला.

"सर, यात साप किती?"

प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, एवढंच नानांना ठाऊक. "बिळांत वस्ती असलेले सात," ते उत्साहाने म्हणाले. "पण घाबरायचं कारण नाही, त्यातले विषारी फक्त तीन."

बशा फिरायच्या थांबल्या.

"आणि ते कुठपर्यंत येतात?" एका बाईंनी विचारलं.

"ते उंदरांच्या मागे येतात. उंदीर जिथे धान्य तिथे. तेव्हा तुमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायला तत्त्वतः हरकत नाही."

मी त्यांचा शर्ट मागून ओढत होते. त्यांना वाटलं, मला पाणी हवंय. खोकड माणसाला चावतं का, तर चावत नाही, पण पिसाळलं तर कुठलंही जनावर चावू शकतं. मुंगूस कोंबडी नेतं का, तर अवश्य नेतं. एकेक प्रश्न येत होता आणि नाना एकेक खरं उत्तर देत होते. आमच्या कॉलनीला त्या रानाशेजारी राहून आठ वर्षं झाली होती. कुणाला काही झालेलं नव्हतं. पण आठ वर्षं ते नुसतं रान होतं. आता ते एकेचाळीस झालं होतं. सभेच्या शेवटी चेअरमनांनी नानांना शाल-श्रीफळ दिलं, त्यांच्या परिश्रमाबद्दल अभिनंदनाचा ठराव मांडला, आणि त्याच ठरावात पुढच्या ओळीत, सरांच्या अहवालात नमूद केलेल्या सर्व बिळांचा बंदोबस्त करावा अशी कार्यालयाला विनंती केली. ठराव एकमताने मंजूर झाला. नाना हातात नारळ घेऊन उभे होते, त्यामुळे त्यांना हात वर करता आला नाही.

चार महिन्यांत दोन ओळी लिहिणाऱ्या कार्यालयाने या वेळी नऊ दिवसांत हुकूम काढला. त्याची एक प्रत माहितीसाठी नानांना आली. आधी बिळं बुजवायची, पाऊस संपला की जागा सपाट करायची. नाना तीन दिवस कार्यालयाच्या बाकावर बसून आले. तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि म्हणाले, "सर, इतका मुद्देसूद अहवाल आमच्याकडे आजवर आला नव्हता. त्यामुळेच तर काम सोपं झालं." तिथे आता मंगल कार्यालय आहे. मागच्या वर्षी मामेबहिणीच्या मुलीचं लग्न तिथेच झालं. मी जिलबी खाल्ली, चांगली होती.

ज्या दिवशी बिळं बुजवणारी टोळी आली त्या दिवशी नानांनी सकाळपासून दार लावून घेतलं. बिळाच्या तोंडाशी धूर करायचा, जे निघेल ते हाकलायचं आणि वर मुरूम टाकून ठोकायचं, असं ते काम होतं. मोठं जनावर निघून जातं. पिल्लं धुराला भिऊन आणखी आत सरकतात, हे मला नानांनीच सांगितलं होतं. सतरा नंबरची पिल्लं अजून आईच्या मागे धड पळत नव्हती. पंधरा दिवस मिळाले असते तर ती आपल्या पायांनी दुसरीकडे गेली असती. मी हे नानांना म्हटलं. ते म्हणाले, "हुकूम झालाय." आई पोतेरं आणि पाण्याची बादली घेऊन मागच्या दाराने गेली. ती कुठे चालली हे आम्ही कुणीच विचारलं नाही. तासाभराने परत आली आणि भाजी चिरायला बसली.

दुपारी दार वाजलं. टोळीचा मुकादम होता. अंगावर मुरमाची धूळ, डोळे धुराने लाल, आणि हातात माझा नकाशा.

"सर, ओळखलं का? मी शब्बीर. दहावी ब. तुम्ही मला बेडकाची आकृती तीनदा काढायला लावली होती."

नानांनी ओळखलं. बस म्हणाले, पाणी दिलं. शब्बीर चपला काढून जमिनीवरच बसला.

"सर, यादी काय बनवली तुम्ही. नाहीतर आम्ही या काट्यांत आठवडा घातला असता. नंबरावर नंबर सापडत गेला. चाळीस झाले. फक्त सतरा सापडत नाही. नकाशात दाखवलंय तिथे नुसते दगड आणि झुडपं आहेत, नंबर कुठेच नाही."

"सापडत नाही म्हणजे?" नाना ताडकन उठले. "सतरा आहे. वळणावर, हिवराच्या मुळाशी. मी स्वतः दगड लावलाय." त्यांच्या यादीतला एक नंबर सापडत नाही, हे त्यांना सहनच झालं नाही. पाय चपलांत गेलेसुद्धा.

आई दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात चिरायची भाजी तशीच होती. "तुम्ही बसा. तठे काही नही शे. चुकीसन नंबर पडी गयथा."

"माझ्याकडून चूक?" नाना म्हणाले. एवढा अपमान त्यांचा कुणी केला नव्हता. ते माझ्याकडे वळले. "कुंदा, सांग यांना. सतरा नंबर आहे की नाही?"

मी नानांशी कधी खोटं बोलले नव्हते. आमच्या घरात मार्क कमी पडले तर चालायचं, पण घरी बसून रकाना भरणं, न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहिणं, याच्याइतका मोठा गुन्हा नव्हता. एका सहकाऱ्याने तसं केलं म्हणून नाना त्याच्याशी सहा वर्षं बोलले नव्हते.

"नाही नाना," मी म्हणाले. "तो मी घरी बसून भरला. चाळीस आकडा बनावट वाटेल म्हणून."

नाना माझ्याकडे पाहत राहिले. माझ्या शेजारी पालथं पडून त्यांनी ती चारही पिल्लं मोजली होती. त्यांना खोटं कळलं नाही असं होणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी चपला काढल्या. कपाटातून अहवालाची आपली प्रत काढली, सतराव्या ओळीवर पट्टी ठेवून तांबड्या शाईची रेघ मारली आणि समोर लिहिलं, 'प्रगणकाच्या नजरचुकीने नोंद झाली. सदर बीळ अस्तित्वात नाही.' खाली सही केली. शब्बीरच्या हातातला नकाशा घेऊन त्यावरही तेच लिहिलं, तीच सही केली.

शब्बीरने कागद वाचला. आईच्या मागे दोरीवर वाळत घातलेलं पोतेरं गेरूने लाल झालं होतं, त्याच्याकडे त्याने पाहिलं, आणि पुन्हा कागदाकडे. "सर म्हणतात नाही, म्हणजे नाही," तो म्हणाला. नानांच्या पाया पडला आणि गेला.

नाना पलंगावर बसले. "मी त्यांची यादी करून दिली," ते म्हणाले. "एकेक घर दाखवून दिलं." मला त्यांचा फार राग आला होता, गेले कित्येक दिवस. त्या वेळी तो सगळा गेला आणि मला रडू आलं. आईने ताटं मांडली, भाकरी वाढली आणि "जेवाले चला" म्हणाली.

आम्ही जेवायला बसलो. ताटांवरून नजर फिरवायचं नाना विसरले. चार घास झाल्यावर त्यांनी मान वर न करता मला विचारलं, "सहाच होती ना?"

"हो," मी म्हणाले. "सहाच."

त्यांनी मान हलवली आणि भाकरी मोडली. तो आकडा त्यांनी पुन्हा कुठेही लिहिला नाही.